बरणी चालेल, बाटली नाही!

इंग्लंड-अमेरिकेत घरी बिअर बनवणं हा बागकामासारखाच एक छंद आहे. राजस्थान हे देशात जव पिकवण्यात आघाडीवर असलेलं राज्य. जयपूरच्या घराघरांत पदार्थ आंबवण्याची कला मुरलेली. तरीही त्या घरात बिअर बनवली, तर तो गुन्हा ठरतो. मग या शहरातल्या हौशी माणसानं करायचं तरी काय?

होळी आठवड्यावर आली, की जयपूरच्या जुन्या शहरात गच्च्यांवर चिनीमातीच्या बरण्या दिसू लागतात. तोंडाला मलमलचं फडकं, वर ऊन आणि आत मोहरीचं पाणी. दिवसातून एकदा घरातलं कुणीतरी वर जातं, लाकडी डाव फिरवतं, वास घेतं आणि खाली येऊन सांगतं, “अजून दोन दिवस!”

ही राजस्थानची कांजी. मराठी माणूस कांजी म्हटलं की भाताची पेज तरी समजतो, नाहीतर कपड्यांची खळ. जयपूरची कांजी मात्र आंबट, झणझणीत आणि नाकात जाणारी. मुगाच्या डाळीचे वडे त्यात बुडवले की झाला कांजीवडा. होळीला आलेल्या पाहुण्यापुढे तो ठेवायचाच, अशी अनेक घरांची रीत.

बरणीत जे चालतं, ते शास्त्राच्या भाषेत आंबवणं, म्हणजे फर्मेंटेशन. इडलीचं पीठ फुगतं, दुधाचं दही होतं, द्राक्षाची वाईन होते आणि जवाची बिअर होते, ते सगळं याच कुळातलं. फरक इतकाच, की कांजीत आणि दह्यात काम करतात ते लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू, तर बिअरमध्ये राबतं ते यीस्ट. जिवाणू आंबटपणा देतात. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साईड देतं. एवढ्याशा फरकावर एक बरणी गच्चीवर उन्हात बसते आणि दुसरी पोलीस ठाण्यात जमा होऊ शकते!

सुटकेसमधून आलेला छंद

समजा, अमेरिकेत नोकरी करणारा मुलगा सुट्टीत जयपूरला घरी आला आणि येताना त्यानं घरी बिअर बनवण्याचा संच आणला. तिकडे असे संच दुकानात उघड मिळतात. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी १८८० सालापासून परवाना लागत असे. ती अट १९६३ साली रद्द झाली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्यानं घरगुती बिअरवरचा संघराज्याचा कर उठला. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन, तेही फक्त स्वतःसाठी, विकायची नाही. त्यानंतर हा छंद तिकडे इतका फोफावला, की पुढे नावारूपाला आलेल्या अनेक छोट्या ब्रुअरीजचे मालक आधी घरच्या स्वयंपाकघरातले हौशी कारागीर होते.

या छंदाला लागतं काय? पंचवीस-तीस लिटरचं स्टीलचं पातेलं, थर्मामीटर, गाळायला जाळीदार कापड, झाकणाचा मोठा डबा आणि त्या झाकणात बसणारी एअरलॉक नावाची छोटी नळी. आतला वायू तिच्यातल्या पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर जातो, पण बाहेरची हवा आत शिरत नाही. शिवाय द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर, बाटल्या आणि त्यांना बिल्ला ठोकायचं यंत्र.

जिन्नस फक्त चार: पाणी, मोड आणून वाळवलेला जव म्हणजे माल्ट, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं आणि यीस्ट. वीस लिटर बिअरला साधारण चार-पाच किलो माल्ट, मूठभर हॉप्स आणि यीस्टची एक पुडी पुरते.

माल्ट भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचं. पिष्टाची साखर होते आणि पाणी गोड लागतं. ते गाळून हॉप्ससह तासभर उकळायचं, झटपट वीस अंशांपर्यंत थंड करायचं आणि यीस्ट सोडायचं. पुढचे एक-दोन आठवडे डबा हलवायचा नाही. सुरुवातीला १.०५० असलेली घनता १.०१० वर उतरली, की अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास आलं, असं समजायचं. मग प्रत्येक बाटलीत चिमूटभर साखर घालून बिल्ला ठोकायचा. ती साखर खाऊन यीस्ट बाटलीत फेस तयार करतं. इथे हात सैल सुटला, किंवा डब्यातलं आंबणं पुरं होण्याआधीच बाटल्या भरल्या, तर बाटली बॉम्बसारखी फुटते. आणि सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे अस्वच्छता. भांडी निर्जंतुक केली नाहीत, तर पंधरा दिवसांच्या कष्टांचा शेवट मोरीत होतो.

जव इथला, बिअर बाहेरची

यातला माल्ट हा शब्द परका वाटला, तरी काम परकं नाही. बाळासाठी नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व करणारी प्रत्येक मराठी आई हेच करत असते. धान्याला मोड आले की त्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं आणि ते पिष्टाची साखर करू लागतं. म्हणूनच मोडाचं धान्य गोडसर लागतं. जव यात तरबेज. शिवाय त्याची टरफलं गाळताना चाळणीचं काम करतात.

आणि जव हे तर जयपूरच्या मातीतलंच पीक. गव्हापेक्षा कमी पाण्यात येणारं, खारवट जमीनही सोसणारं. दिवाळीच्या सुमारास पेरायचं, होळीनंतर कापायचं. जयपूरजवळच्या दुर्गापुरा इथल्या कृषी संशोधन केंद्रानं जवाचे ‘आरडी’ या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे अनेक वाण दिले. एके काळी हा जव प्रामुख्यानं जनावरांच्या आणि गरिबांच्या पोटात जाई. २००५ साली सॅबमिलर या बिअर कंपनीनं राज्य सरकारच्या साथीनं इथल्या शेतकऱ्यांसाठी ‘सांझी उन्नती’ नावाची योजना सुरू केली. चांगलं बियाणं घ्या, माल्टच्या दर्जाचा जव पिकवा, तो आम्ही विकत घेऊ, असा तो व्यवहार. शेतातला जव कारखान्याच्या वाटेला लागला.

हॉप्सची वेल थंड हवेची. भारतात ती हिमाचलच्या लाहौल भागात होते. बाकी धान्य, पाणी, हिवाळ्यातली योग्य थंडी आणि आंबवणाऱ्या हातांचा अनुभव असं सगळं जयपूरकडे आहे. नाही ती फक्त परवानगी.

भपका, ठाकूर आणि सरकार

राजस्थान आबकारी कायदा १९५० सालचा. परवान्याशिवाय मद्य बनवणं हा त्यात गुन्हा आहेच, पण मद्य बनवण्यासाठी भांडी, यंत्रं वा कच्चा माल जवळ बाळगणं हादेखील गुन्हा. म्हणजे मुलानं हौसेनं आणलेला तो संच वापरायच्या तयारीनं मांडून ठेवला, तर तीच भेटवस्तू पुरावा ठरू शकते. महाराष्ट्रातही १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार घरी बिअर बनवता येत नाही. पुण्यात २००९ साली ‘डुलाली’नं ताज्या बिअरची छोटी ब्रुअरी सुरू केली, ती रीतसर परवाना घेऊन. व्यवसायाला दार उघडलं, छंदाला नाही.

आपल्याकडे हे कायमच असं होतं का? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्यावर देखरेख करणाऱ्या सुराध्यक्षाचं एक अख्खं प्रकरण आहे. उडीद आणि तांदूळ वापरून किण्व, म्हणजे आंबवण्याचं विरजण कसं करावं, याचं प्रमाणसुद्धा तिथे आहे. मद्यविक्रीवर कडक सरकारी ताबा ठेवणाऱ्या त्या ग्रंथात गृहस्थांना मात्र एक सवलत आहे. घरच्या कार्याला पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करायला मुभा. उत्सव, मेळे आणि यात्रांसाठी चार दिवसांची मोकळीक. नियम कडक, पण घराचा उंबरठा वेगळा, असा तो हिशेब होता.

राजपूत ठाकुरांच्या हवेल्यांत ही मोकळीक शतकानुशतकं टिकली. मात्र त्यांचं आसव बिअरसारखं नुसतं आंबवलेलं नसे. गूळ, सुका मेवा, बडीशेप, वेलदोडे, जायफळ, केशर असा ऐवज आधी आंबवायचा आणि मग तांब्याच्या भपक्यातून त्याचा अर्क उतरवायचा. प्रत्येक घराण्याची कृती वेगळी आणि गुप्त. आग्रा रस्त्यावरच्या कानोत्याचं ‘चंद्रहास’ असंच प्रसिद्ध. १८९८ ते १९४२ अशी ४४ वर्षं रोजनिशी लिहिणारे अमरसिंह याच कानोता घराण्यातले. चंद्रहासात ७६ जिन्नस पडतात, असं सांगितलं जातं. मारवाडचं ‘केसर कस्तुरी’ आणि ‘जगमोहन’ यांचंही नाव तसंच मोठं.

संस्थानं गेली, आबकारी कायदा आला आणि भपके थंडावले. कृती वह्यांत राहिल्या. पुढे राजस्थान स्टेट गंगानगर शुगर मिल्स या सरकारी कंपनीनं अशा काही जुन्या कृतींवरून ‘रॉयल’ नावानं मद्यं बाजारात आणली. घरची विद्या वाचली खरी, पण घरात नाही. ज्या आसवाची चव आजीच्या अंदाजावर ठरायची, ते कारखान्यातून लेबल लावून बाहेर पडलं.

कायदा कठोर का?

कायदा उगाच कठोर झालेला नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं मेली. मरणारे हातावर पोट असलेले होते आणि मारणारं रसायन होतं मिथेनॉल. रंग आणि रसायनांच्या उद्योगात वापरलं जाणारं हे अल्कोहोल स्वस्त पडतं, म्हणून हातभट्टीत मिसळलं जातं. थोड्याशा मात्रेनंही ते दृष्टी घेतं, जीव घेतं. अशा बातम्या वर्षानुवर्षं वाचलेल्या समाजात ‘घरी बनवलेली’ हा शब्दच भीती घेऊन येतो. दारूपायी संसार विस्कटलेली घरं तर गल्लोगल्ली सापडतात.

छंदाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. बिअर आंबवली जाते, भट्टीवर गाळली जात नाही. जव आंबवून जीवघेण्या प्रमाणात मिथेनॉल तयार होत नाही. विषबाधा होते ती भेसळीनं. मग वीस लिटर बिअर आणि हातभट्टी यांना एकाच कायद्यानं का मोजायचं? प्रश्न रास्त आहे. पण स्वयंपाकघरातली कोणती बाटली हौसेची आणि कोणती विक्रीची, हे दारोदार तपासणार कोण, हा सरकारपुढचा प्रश्नही खोटा नाही. कायदा बदलेपर्यंत तरी उत्तर एकच आहे: सुटकेस बंद ठेवायची आणि गच्चीवर जायचं.

मोहरीचं पाणी, जवाची राबडी

कारण आंबवण्यातली खरी गंमत नशेत नाही, वाट पाहण्यात आहे. आज काय झालं असेल, फेस आला का, वास बदलला का! ती गंमत कांजीत पुरेपूर मिळते आणि ती सात वर्षांच्या नातवालाही दाखवता येते.

दोन लिटर पाणी उकळून पूर्ण गार करा. त्यात दोन मोठे चमचे ताजी भरडलेली मोहरी, दोन सपाट मोठे चमचे मीठ आणि लाल तिखट घाला. वड्यांसाठी करायची असेल तर थोडी हळद आणि हिंग. नुसती प्यायची असेल तर पाव किलो काळ्या गाजराच्या फोडी. काळी गाजरं नसतील तर साधी गाजरं आणि रंगाला एक बीट. बरणी काचेची किंवा चिनीमातीची, स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेली. धातूचं भांडं नको. आंबट आणि खारट पाणी धातूला खातं. वर थोडी जागा सोडा, तोंडाला कापड बांधा आणि रोज कोरड्या डावानं ढवळा. उन्हात तीन ते पाच दिवसांत ती आंबते. थंडी असेल तर आठवडा लागतो. चव जमली की फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर आंबटपणा वाढतच जातो.

यातला प्रत्येक जिन्नस पहाऱ्यावर असतो. मीठ कुजवणाऱ्या जंतूंना रोखतं. मोहरीतलं झोंबरं तेल बुरशीला आणि यीस्टला आवर घालतं. आणि लॅक्टिक आम्ल वाढलं, की घातक जंतूंना तिथे राहणं अशक्य होतं. तरीही केसाळ बुरशी दिसली, पाणी तार धरू लागलं किंवा घाण वास आला, तर हळहळ न करता सगळं फेकून द्यायचं. रक्तदाबाच्या रुग्णांनी मिठामुळे घोटभरावरच थांबायचं.

बिअरसाठी प्रसिद्ध झालेला जवही जयपूरच्या घरातून गेलेला नाही. जवाचं किंवा बाजरीचं पीठ आंबट ताकात कालवून मातीच्या हंडीत काही तास उन्हात ठेवायचं, मग मंद आचेवर रटरटू द्यायचं, की झाली राबडी. आपल्या आंबिलीची ही सख्खी बहीण. रात्री शिजवायची, सकाळी गार ताक आणि भाजलेलं जिरं घालून प्यायची. बाहेर पारा चाळीसच्या वर गेलेला असताना शेतावर निघालेल्या माणसाला हीच न्याहारी.

होळीनंतर आठव्या दिवशी, आपल्या पंचांगाप्रमाणे फाल्गुन वद्य अष्टमीला, जयपूरच्या घरांत बासोडा असतो. त्या दिवशी चूल पेटवायची नाही. जयपूरच्या दक्षिणेला चाकसूजवळच्या टेकडीवर शीतलामातेची मोठी जत्रा भरते आणि आदल्या दिवशी शिजवलेलं शिळं अन्न देवीला दाखवलं जातं. त्या नैवेद्यात राबडी असतेच. ज्या शहरात आंबवलेल्या धान्याचा मान देवीच्या ताटापर्यंत पोचला आहे, तिथे हौशी माणसाला परवान्याची वाट पाहत रिकामं बसायचं कारण नाही. एक बरणी धुवायची, उन्हात ठेवायची आणि घरातल्या पोरासोरांना सांगायचं, “अजून दोन दिवस!”