पन्हळीएवढी शेगडी

इटली म्हटलं की आपल्याला पिझ्झा आठवतो. मला हल्ली एक शेगडी आठवते. तिचं नाव फोर्नाचेल्ला, म्हणजे छोटी भट्टी. रोमच्या पूर्वेला, डोंगर आणि एड्रियाटिक समुद्र यांच्यामध्ये अब्रुत्सो नावाचा प्रांत आहे, तिथली ही वस्तू. तिथल्या बोलीत तिला ‘कनाला’ असंही म्हणतात. कनाला म्हणजे छपराची पन्हळ.

दिसायलाही ती तशीच. पत्र्याची लांबट पेटी, रुंदीला जेमतेम दहा सेंटिमीटर. खाली पाय, बाजूला वाऱ्यासाठी भोकं. आत कोळशाचे निखारे एका ओळीत पसरायचे. मांस ओवलेल्या लाकडी काड्या दोन्ही काठांवर आडव्या ठेवायच्या. मांस नेमकं विस्तवावर येतं आणि काडीचं रिकामं टोक बाहेर राहतं. ते जळत नाही, उलटवायलाही सोपं जातं. काड्या एकमेकींना खेटून ठेवतात, म्हणजे आच वाया जात नाही. चार-पाच मिनिटांत भाजून होतं. मीठ शेवटी घालायचं. आधी घातलं तर मांसाला पाणी सुटतं.

या काड्यांना आरोस्तिचिनी म्हणतात. मांस मेंढीचं, तुकडे साधारण एक सेंटिमीटरचे, मधूनमधून चरबी. इतके बारीक तुकडे कशासाठी? याचं उत्तर मेंढपाळाच्या गरिबीत आहे. मेंढी ही त्याची लोकर आणि चीजसाठीचं दूध. दुभतं जनावर कोण कापेल? वाट्याला यायची ती म्हातारी, भाकड मेंढी. तिचं मांस चिवट. मोठा तुकडा भाजला, तर बाहेरून करपणार आणि आतून चामड्यासारखा राहणार. तेव्हा हाडालगतचं मांससुद्धा सोडवून घ्यायचं आणि बारीक करायचं. १९३०च्या सुमारास वोल्तिन्यो पठारावरच्या दोन मेंढपाळांनी ही युक्ती काढली, असं तिकडे सांगतात.

हे मेंढपाळ शरद ऋतूत डोंगर सोडून दक्षिणेला पुलिया प्रांताच्या मैदानात उतरत आणि वसंतात परत चढत. आपल्याकडचे धनगर पावसाळा सरला की कळप घेऊन कोकणात उतरतात, तसंच. १४४७ मध्ये राजा आल्फोन्सोनं या कळपांवर कर बसवला आणि त्यांच्या वाटा राखून ठेवल्या. लाक्विला ते फोज्जा ही सर्वांत लांब वाट २४४ किलोमीटरची, रुंदी १११ मीटर. २०१९ मध्ये युनेस्कोनं या ऋतुमानाच्या स्थलांतराची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. मेंढ्यांसाठी १११ मीटर रुंद वाट आणि माणसाच्या जेवणासाठी दहा सेंटिमीटरचा विस्तव. हा हिशोब माझ्या मनातून जात नाही.

त्याला कारण आहे. आमचे अब्बा तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर सीख कबाब विकत. त्यांची शेगडी अशीच होती, अरुंद, पत्र्याची. सळया लोखंडी, एवढाच फरक. या दोन शेगड्यांचं काही नातं आहे, असं मला म्हणायचं नाही. गरज सारखी होती, म्हणून आकार सारखा आला. शाळेत मी वडिलांचा धंदा सांगताना ‘हॉटेल’ म्हणायचो. एकदा त्यांना विचारलं, “अब्बा, समोरच्या हॉटेलवाल्यासारखी मोठी भट्टी का घेत नाही?” ते सळई फिरवत म्हणाले, “बेटा, आग उतनीच होना, जितना गोश्त है.”

तेव्हा मला ते आमच्या गरिबीचं बोलणं वाटलं. ते गरिबीचं होतंच, पण त्यात एका कारागिराची अक्कलही होती, हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

अब्रुत्सोत आज या शेगड्या गॅसवर आणि विजेवर चालणाऱ्याही मिळतात. मांसाचे तुकडे पाडायला खाचांचा डबा निघालाय. एका वेळी शंभर काड्या तयार होतात. पण घराघरांत ती पत्र्याची पन्हळ अजून आहे. सुट्टीच्या दिवशी ती अंगणात निघते आणि माणसं तिच्याभोवती उभ्यानंच खातात. काड्या मोजल्या जातात त्या दहा-दहांनी.

अब्बा गेल्यावर घर आवरताना त्यांची शेगडी मी भंगारवाल्याला दिली. त्यानं ती तराजूत टाकली, माझ्या हातावर अकरा रुपये ठेवले आणि मी ते मोजून घेतले.