कोलंबिया तुटलं तेव्हा टीव्हीवर कोण होतं? माइल्स ओब्रायनची गोष्ट

कल्पना चावलाचं नाव आपण शाळेपासून ऐकतोय. १ फेब्रुवारी २००३ ला तिचं कोलंबिया यान परतताना अमेरिकेतल्या टेक्सासवर तुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. त्या दिवशी सीएनएनवर सुमारे १६ तास ही बातमी सांगत होता माइल्स ओब्रायन.

गंमत म्हणजे माइल्स शास्त्रज्ञ नाही. कॉलेजात त्याचा विषय होता इतिहास! पण तो स्वतः विमान चालवतो, आणि समजेपर्यंत विचारत राहतो. शटलमधून अंतराळात जायची त्याची नासाशी बोलणी जवळजवळ पक्की झाली होती. त्या सकाळी ते स्वप्नही संपलं.

नेमकं झालं काय?

उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला. फोम तर हलका, मग पंख कसा फुटला? कारण तुकड्याचं वजन कमी असलं तरी आदळण्याचा वेग प्रचंड होता. यान परत येताना पुढची हवा जोरात दाबली जाते आणि भयंकर तापते. ती पंखाच्या भोकातून आत शिरली आणि आतला सांगाडा वितळला.

नोकरी गेली, मग हात गेला

२००८ च्या शेवटी सीएनएनने विज्ञान विभागच बंद केला. माइल्सने इंटरनेटवर शटल उड्डाणांचं लाइव्ह सुरू केलं, पुढे पीबीएस न्यूजअवरसाठी काम धरलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये फिलिपिन्सला सामानाची जड पेटी त्याच्या डाव्या हातावर पडली. आधी साधा मुका मार वाटला. पण तो होता कंपार्टमेंट सिंड्रोम. यात स्नायूंच्या आत सुजेने दाब वाढतो आणि रक्तपुरवठा बंद पडतो. जीव वाचवायला हात कोपराच्या वरून कापावा लागला. तरी तो पुन्हा कॅमेऱ्यासमोर आला, विमानही उडवू लागला, आणि कृत्रिम हातांवर त्याने बातम्याही केल्या.

म्हणून लक्षात ठेवा, मार लागल्यावर दुखणं वाढतच गेलं, बोटं बधिर झाली, तर थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

आणि हो, मीसुद्धा एकदा उल्कापाताचा खोटा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकलाय! आता फॉरवर्ड करण्याआधी स्वतःला विचारतो, "हे घडलं कसं, मला सांगता येईल का?" नाही आलं, तर बोट मागे. तुम्हीही करून बघा.