माऊथगार्डची निवड : रूढ गैरसमज आणि वस्तुस्थिती

माऊथगार्ड हे बहुधा वरच्या दातांवर बसवले जाणारे लवचिक आवरण असते. आघाताचा जोर एकाच दातावर एकवटू न देता तो शेजारच्या दातांवर पसरवणे, ओठ व गाल दातांच्या कडांपासून दूर ठेवणे आणि हनुवटीवर फटका बसल्यास खालचे दात वरच्या दातांवर थेट आपटू न देणे, ही त्याची कामे होत. वरचे पटाशीचे दात सर्व दातांच्या पुढे असल्याने खेळातील दातांच्या दुखापती प्रामुख्याने त्यांनाच होतात. म्हणून आवरण सहसा वरच्या जबड्याचे असते, आणि ज्याचा खालचा जबडा पुढे आलेला आहे अशा खेळाडूसाठी ते खालच्या दातांवरही बसवले जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वुल्फ क्राउझ या लंडनच्या दंतवैद्याने मुष्टियोद्ध्यांसाठी गटापर्चाच्या, म्हणजे एका झाडाच्या चिकापासून तयार होणाऱ्या पदार्थाच्या, पट्ट्या दातांवर बसवण्यास सुरुवात केली. या उगमामुळेच कदाचित माऊथगार्ड हे मुष्टियुद्धाचे साधन होय, इतर खेळांना त्याचे काय काम, अशी समजूत रूढ झाली असावी. प्रत्यक्षात दात तुटण्यासाठी ठोसाच लागतो असे नाही. हॉकीची काठी, बास्केटबॉलमध्ये उसळलेले कोपर किंवा कबड्डीच्या पकडीत तोंडावर आदळलेला गुडघा तितकाच पुरेसा असतो. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमपुस्तिकेत मैदानी खेळाडूंनी नडगी व घोट्याबरोबर तोंडाचेही संरक्षण वापरावे अशी शिफारस आहे. सरावात माऊथगार्डची गरज नसते हा समजही असाच निराधार आहे, कारण दाताला सराव आणि सामना यांतला फरक कळत नाही.

माऊथगार्डने खरोखर फरक पडतो का, या शंकेचे उत्तर न्यूझीलंडच्या रग्बीने दिले आहे. तेथे 1998 मध्ये देशांतर्गत रग्बीच्या सर्व स्तरांवर माऊथगार्ड सक्तीचे झाले. अपघातांची भरपाई देणारी सरकारी विमायोजना त्या देशात असल्याने दातांच्या दुखापतींचे दावे वर्षानुवर्षे नोंदले गेले होते, आणि म्हणून सक्तीचा परिणाम मोजता आला. खेळाडूंनी स्वतः सांगितलेला माऊथगार्डचा वापर 1993 मध्ये 67 टक्के होता, तो 2003 मध्ये 93 टक्क्यांवर गेला. आणि 1995 ते 2003 या काळात रग्बीतील दातांसंबंधीचे दावे 43 टक्क्यांनी घटले. खेळाडूंची व सामन्यांची संख्या या काळात स्थिर राहिली असे गृहीत धरल्यास, माऊथगार्ड न वापरणाऱ्यांतील दाव्यांचे प्रमाण वापरणाऱ्यांच्या 4.6 पट होते, असे अभ्यासकांनी काढले. खेळाच्या साहित्यापैकी फार थोड्या गोष्टींच्या बाजूने इतका स्पष्ट पुरावा उपलब्ध असतो.

तरीही कोणतेही माऊथगार्ड चालते असा याचा अर्थ नाही, आणि निवडीतील सर्वांत महागात पडणारा गैरसमज नेमका हाच आहे. बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला तयार मापाचा. तो दातांवर बसतच नाही, दात आवळून धरावा लागतो, म्हणून स्वस्त असूनही तो टाळावा. दुसऱ्या प्रकारातील आवरण गरम पाण्यात मऊ करून तोंडात बसवायचे असते. ते हळूच चावून, ओठांवरून बोटांनी दाबून, आतून जिभेने टेकून आणि हवा ओढून दातांच्या आकाराला जुळवतात व मग थंड पाण्यात घट्ट करतात. येथे घाईने जोरात चावल्यास चावण्याच्या पृष्ठभागावरचा थर इतका पातळ होतो की जाडसर दिसणारे माऊथगार्ड तेथे नावापुरतेच उरते. तिसरा प्रकार दंतवैद्याने दातांचे माप घेऊन साच्यावर बनवलेला. त्यात इथिलीन व्हिनाइल अॅसिटेट या, तापवल्यावर मऊ होणाऱ्या व गार झाल्यावर घट्ट होणाऱ्या, लवचिक प्लॅस्टिकचे थर दाबाखाली एकमेकांवर चढवता येतात, म्हणून जाडी कोठे किती ठेवायची हे ठरवता येते.

या तिसऱ्या प्रकाराची खरी कसोटी कबड्डीत लागते. चढाई करणाऱ्याला एका श्वासात ‘कबड्डी’चा उच्चार सतत व स्पष्ट करावा लागतो, सैल माऊथगार्ड दाताखाली धरून ठेवणाऱ्याला ते जमत नाही, आणि मग तो ते काढून ठेवतो. तोंड उघडल्यावर, जीभ किंवा दात न लावता, जे जागेवर टिकते आणि ज्यातून बोलता व श्वास घेता येतो, तेच घेण्यायोग्य होय.

जाड तेवढे चांगले, हेही खरे नाही. प्रयोगशाळेतील चाचण्यांत जाडी सुमारे 4 मिलिमीटरपर्यंत वाढवल्यास पोहोचणारा आघात कमी होत जातो, पण त्यापुढे लाभ नगण्य राहून अस्वस्थता मात्र वाढते.

माऊथगार्ड मेंदूचेही रक्षण करते, हा दावा विक्रेते अजूनही करतात. कन्कशन, म्हणजे डोक्याला हादरा बसून मेंदूचे काम तात्पुरते विस्कळीत होणे, ते टाळण्याबाबतचा पुरावा खेळागणिक वेगळा आहे. आइस हॉकीत काही अनुकूल निष्कर्ष मिळाले आहेत, परंतु इतर खेळांत तशी खात्री देता येत नाही. अव्वल रग्बीत 2024 पासून वापरात आलेली संवेदक बसवलेली माऊथगार्ड डोक्याला बसलेल्या धक्क्याची नोंद करतात, तो अडवत नाहीत. हेल्मेट काढून माऊथगार्डवर भागवणे धोक्याचे आहे.

दातांना तारा असलेल्या मुलांसाठी तयार प्रकार वापरू नये. तारांना जागा सोडून आवरण बनवण्याचे काम दंतवैद्याचेच आहे. दात उगवत्या वयात बदलतात, म्हणून मुलांचे माऊथगार्ड दर हंगामाआधी तपासावे आणि चावून फाटले किंवा सैल झाले की बदलावे. ते गार पाण्याने धुवावे, कारण गरम पाण्यात त्याचा आकार बिघडतो.

चांगले माऊथगार्ड असूनही कायमचा दात मुळासकट निघालाच, तर तो मुळाला न शिवता वरच्या भागाने धरावा, मळला असल्यास दुधाने किंवा सलाइनने हलकेच धुवून लगेच त्याच जागी बसवावा आणि ते न जमल्यास दुधात ठेवून दंतवैद्याकडे धाव घ्यावी. कोरडा राहिल्यास तासाभरात मुळावरील पेशी मरतात. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, कारण त्याने खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा पोहोचू शकते.