सरस, कातडे आणि प्राणवायूचा एक अणू

सुताराच्या कामाच्या जागी मंद विस्तवावर ठेवलेले सरसाचे भांडे ज्यांनी पाहिले असेल, त्यांना त्याचा उग्र दर्पही आठवत असेल. जनावरांची कातडी व हाडे पाण्यात उकळून हा सरस निघतो. जे कातडे ओढूनही तुटत नाही, ते उकळताच चिकट द्रव का व्हावे? या साध्या प्रश्नाच्या पोटी आपल्या शरीराच्या टिकाऊपणाचे मर्म दडलेले आहे.

कातडे, हाडे आणि कंडरा यांना बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे नाव मुळी सरसावरूनच पडले. सरसाला ग्रीक भाषेत ‘कोला’ म्हणतात, त्यावरून ‘कोलॅजन’. मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ व १९५५ साली त्याची रचना मांडली. दोरखंडाप्रमाणे तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. उकळले की हा पीळ उलगडतो आणि सरस उरतो.

मग शरीराच्या उष्णतेत तो टिकतो कसा? साखळ्यांतील प्रोलिन नावाच्या अनेक घटकांना शरीर प्राणवायूचा एकेक अणू जोडते. हा संस्कार न झालेला पीळ सुमारे २४ अंश सेल्सिअसलाच उलगडतो. संस्कार झालेला आपल्या ३७ अंशांतही तग धरतो. या कामी ‘क’ जीवनसत्त्व लागते, आणि ते माणसाला आहारातूनच मिळवावे लागते.

ते न मिळाल्यास काय होते? १७४० साली इंग्लंडहून निघालेल्या ॲन्सनच्या आरमारात स्कर्व्ही रोगाने शेकडो खलाशी दगावले. एकाची पन्नास वर्षांपूर्वी भरून आलेली जखम पुन्हा उघडली, असे त्या सफरीच्या वृत्तांतात नमूद आहे. व्रणातील कोलॅजन सतत झिजते व नव्याने घडते. नवे कोलॅजन कच्चे निघाले, की जुनी सांधणीही सुटते.

कातडी कमावणारा कारागीर हेच कार्य निराळ्या मार्गाने साधतो. बाभळीच्या सालीतील आणि हिरड्यातील टॅनिन कोलॅजनचे तंतू परस्परांशी जखडून टाकते. ओले कच्चे कातडे साधारण ६० ते ६५ अंशांना आकसते. असे कमावलेले कातडे ७५ ते ८५ अंशांपर्यंत टिकते, तर क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही.

मात्र प्रत्येक जोड हितकारक नसते. वाढत्या वयात, आणि मधुमेहात अधिक वेगाने, रक्तातील साखर कोलॅजनला आपोआप चिकटते. त्यामुळे साखळ्या नको तेथे जखडल्या जातात आणि रक्तवाहिन्या ताठर होतात. चपलेच्या कातड्याला जी घट्ट पकड गुणकारी, तीच जिवंत धमनीला जाचक ठरते.

पानाच्या डाव्या बाजूस लिंबाची फोड वाढण्याची आपली जुनी रीत आहे. तिच्यातील ‘क’ जीवनसत्त्व शिजवण्याच्या आचेतून वाचलेले असते. पुढच्या वेळी ती फोड पानात तशीच टाकून उठू नये, एवढीच विनंती.