संप म्हणायचं की बंड?

18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातल्या नाविकांनी जेवण नाकारलं. निकृष्ट अन्नाला आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्यांना ते विटले होते. बघता बघता 78 जहाजं आणि सुमारे 20 हजार नाविक त्यात सामील झाले. त्यांनी नेमलेल्या समितीचं नाव होतं मध्यवर्ती संप समिती. अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. गिरणगावाच्या मुंबईत ‘संप’ हा सगळ्यांच्या ओळखीचा शब्द. सरकारनं मात्र त्याला बंड ठरवलं.

कारण फौजेच्या कायद्यात संप बसतच नाही. एकट्यानं हुकूम नाकारला तर ती अवज्ञा, पण दोघांनी संगनमतानं शिस्तीला सुरुंग लावला की झालं बंड. त्यासाठी बंदूक उचलावी लागत नाही. स्वतंत्र भारताच्या 1957 च्या नौदल कायद्यातही बंडासाठी दोन माणसं पुरतात आणि शिक्षा मृत्युदंडापर्यंत जाऊ शकते. शिस्तीवाचून फौज टिकत नाही, हे मलाही मान्य आहे. पण वरचा अधिकारीच माणसाला जनावरासारखं वागवत असेल, तर गाऱ्हाणं मांडायला तिथे एकत्र यायचं तरी कसं?

‘बंडखोर’मधला फारसी ‘खोर’ म्हणजे खाणारा. लाचखोर, हरामखोर यांच्या पंगतीत बसल्यामुळे हा शब्द मुळातच डागाळलेला वाटतो. निवडणुकीत तिकीट न मिळालेला उमेदवारही आता बंडखोर ठरतो आणि फाशीची जोखीम पत्करणारा शिपाईही. 1857 चा उत्तरेतला धुमाकूळ डोळ्यांनी पाहिलेल्या गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ची ओळख ‘बंडाची हकीगत’ अशीच आहे. सावरकरांनी 1909 मध्ये त्याच घटनेला स्वातंत्र्यसमर म्हटलं. अलीकडे आपण ‘उठाव’ लिहितो. मला तोच शब्द न्याय्य वाटतो. त्यात हुकूम मोडल्याची कबुली आहे, पण मोडणाऱ्याला आधीच गुन्हेगार ठरवणं नाही.

22 फेब्रुवारीला नाविकांच्या पाठिंब्यासाठी मुंबई बंद पडली. गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मेले. परळच्या कमल दोंदे त्यांच्यातल्याच. दुसऱ्या दिवशी, वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यावरून, नाविकांनी शरणागती पत्करली. आपण ब्रिटनला नव्हे, भारताला शरण जात आहोत, असं त्यांनी जाहीर केलं. 476 जण नोकरीला मुकले. वर्षदीड वर्षात देश स्वतंत्र झाला, पण भारताच्या किंवा पाकिस्तानच्या नौदलानं त्यांना परत घेतलं नाही.