मत्स्यालयातला कार्बन डायऑक्साइड : सोडण्याआधी बंद करायला शिकू

मागच्या वेळी आपण दिवे आणि तळातली माती यांबद्दल बोललो. त्यानंतर सगळ्यांत जास्त विचारणा झाली ती गॅसची. "चांगला दिवा घेतला, खत घातलं, तरी झाडं तिथल्या तिथे आणि शेवाळ मात्र जोरात. आता सिलिंडर लावू का?" लावायचा का, आणि लावला तर कसा, एवढंच आज बघू.

शाळेतला हायड्रिलाचा प्रयोग आठवा. बीकरमध्ये हायड्रिला, त्यावर उलटं नरसाळं, वर परीक्षानळी. उन्हात ठेवलं की बुडबुडे यायचे, आणि बाईंनी चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की ते वाढायचे. तो सोडा म्हणजे झाडाला मिळालेला कार्बन. हवेशी समतोल साधलेल्या एक लिटर पाण्यात कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम. त्यात हा वायू हवेच्या तुलनेत पाण्यात सुमारे १०,००० पट हळू पसरतो. पानाभोवतीचा साठा संपला की झाड उपाशी, मग वर दिवा कितीही लखलखीत असो. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांना पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेता येतो. लाल रोटालासारख्या नाजूक झाडांना ते जमत नाही.

म्हणून आधी टाकीत काय लावलंय ते बघा. जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टोकोरिन असतील तर गॅस नको. दिवा कमी करा, शेवाळही आटोक्यात येईल. हे ऐकून इथले निम्मे लोक पैसे वाचवून घरी गेले, तरी आम्हाला आनंदच आहे.

बाकीच्यांसाठी पुढचं. बरेच जण साखर-यीस्टच्या बाटलीपासून सुरुवात करतात. आम्हीही तिथूनच केली. स्वस्त आहे, साखरेच्या वजनाच्या जवळजवळ निम्मा कार्बन डायऑक्साइड त्यातून निघतो. पण त्या बाटलीला बटण नसतं. एका एप्रिलमध्ये उकाड्याने यीस्ट दुप्पट जोमात आलं आणि आम्ही आवाज नको म्हणून रात्री हवेचा पंप बंद केला होता. सकाळी टाकीतले सगळे मासे पृष्ठभागाला तोंड लावून होते. अकरा टेट्रा गेले. गॅस किती सोडायचा यावर आम्ही महिनाभर वाचलं होतं, बंद कसा करायचा यावर एक ओळ नाही.

रात्री नेमकं काय होतं? अंधारात झाडं वायू घेत नाहीत, उलट आपल्यासारखाच श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात. माशाच्या रक्तातला हा वायू कल्ल्यांतून बाहेर पडतो, कारण पाण्यात तो कमी असतो. पाण्यातच वाढला की बाहेर जायला उतार उरत नाही. रक्त आम्लधर्मी होतं, हिमोग्लोबिनची ऑक्सिजन धरून ठेवायची ताकद घटते. म्हणजे पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो.

सिलिंडरचा खरा फायदा हाच, की तो टायमरवर बंद होतो. सिलिंडरवर रेग्युलेटर, त्याला विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, मग बारीक नियंत्रणाचा निडल व्हॉल्व्ह, बबल काउंटर, पाणी उलटं येऊ नये म्हणून चेक व्हॉल्व्ह, आणि शेवटी टाकीत डिफ्यूझर. सोलेनॉइड वीज गेली की बंद होणाऱ्या प्रकारचाच घ्या. आपल्याकडे लाईट जाते तेव्हा फिल्टरही थांबतो. तेवढ्या वेळात गॅस चालू राहिला तर वर सांगितलेलीच सकाळ उजाडते.

सिलिंडर मात्र गंभीरपणे घ्या. आत द्रवरूप कार्बन डायऑक्साइड असतो, २० अंशांना दाब साधारण ५७ बार. गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतो, त्यावरून अंदाज करा. आणि ३१ अंश सेल्सिअसच्या वर आत द्रव आणि वायू असा भेदच राहत नाही, दाब झपाट्याने चढतो. नागपूर-अकोल्याचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. त्यामुळे सिलिंडर पेसोची मान्यता आणि चाचणीची तारीख बघूनच घ्यायचा. भरताना समोर वजन करायला लावा, क्षमतेपेक्षा जास्त भरू देऊ नका. तो उभाच ठेवायचा, आडवा ठेवला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. जुन्या अग्निशामक नळकांड्याचा जुगाड काही जण सुचवतात. त्याच्या आत तळापर्यंत नळी असते, उभा ठेवूनही द्रवच बाहेर येतो. नकोच.

एक हिशेब करू. २ किलो कार्बन डायऑक्साइड म्हणजे साधारण १.१ घनमीटर वायू. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे २८ घनमीटर. सगळा गॅस बंद खोलीत झटकन गळला तर हवेत तो ४ टक्के होतो, आणि ४ टक्के ही जिवाला तत्काळ धोका मानली जाणारी पातळी आहे. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो. आपल्याकडे मुलं खाली गादी टाकून झोपतात. एसी लावून दारं-खिडक्या बंद केलेल्या बेडरूममध्ये सिलिंडर ठेवू नका, आणि प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून गळती तपासा.

आता प्रमाण. लक्ष्य लिटरला २० ते ३० मिलिग्रॅम. "सेकंदाला किती बुडबुडे?" असं विचारतात, पण प्रत्येकाच्या काउंटरमधला बुडबुडा वेगळ्या आकाराचा. दोन फुटी टाकीला तीन सेकंदांत एकपासून सुरुवात करा, आणि सुट्टीच्या दिवशीच वाढवा, म्हणजे समोर बसता येईल. ड्रॉप चेकरमध्ये टाकीतलं पाणी भरू नका. ४ डिग्री केएचचं तयार द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू घाला. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे ३०च्या आसपास, पिवळा म्हणजे जास्त. हा रंग तास-दोन तास मागे चालतो, त्यामुळे माशांकडे आधी बघा. बेट्टा, गुरामी सवयीनेच वर येऊन हवा घेतात, त्यांच्यावरून काही ठरवू नका. टेट्रा, रासबोरा यांच्याकडे बघा. ते वर आले की गॅस बंद, हवेचा पंप चालू, पाणी बदला.

गॅस दिव्याच्या दीड-दोन तास आधी सुरू करायचा आणि दिवा मालवण्याच्या तासभर आधी बंद.

मागून एक प्रश्न आलाय : मीटरवर दाब ठीक दिसतो, मग सिलिंडर संपत आला हे कसं कळणार? मीटरवरून कळत नाही. द्रव शिल्लक असेपर्यंत काटा हलत नाही, तो संपला की एकदम उतरतो. तेव्हा काही साध्या रेग्युलेटरमधून बाहेरचा दाब उलट वाढतो आणि टाकीत गॅसचा लोंढा येतो. म्हणून महिन्यातून एकदा सिलिंडरचं वजन करा. रिकाम्याचं वजन त्याच्यावरच कोरलेलं असतं. काटा उतरायला लागला की त्याच दिवशी काढून भरायला द्या. गणपतीला गावी जायचं असेल तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि दिव्याचा टायमर पाच तासांवर आणा. झाडं जरा रोडावतील, आल्यावर छाटून टाका.