हळू चालणारा आधी सुटेल : हिवाळ्यातील हँडिकॅप दौड

‘हँडिकॅप’ म्हटले की आपल्याला लोकलचा वेगळा डबा आठवतो, नाही तर दिव्यांगांचे सर्टिफिकेट. धावण्याच्या शर्यतीत मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. ज्याचा वेग कमी तो आधी सुटतो, ज्याचा वेग जास्त तो मागून सुटतो आणि शेवटच्या रेषेवर सगळे जवळजवळ एकाच वेळी पोहोचतात. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात, त्यामागचा हिशेब हाच. ऑस्ट्रेलियातील स्टॉवेल गावात १८७८ सालापासून १२० मीटरची अशी शर्यत होते. तिथे हळू धावणाऱ्याला काही मीटर पुढे उभे करतात. इंग्लंडमधले धावण्याचे क्लब थंडीच्या दिवसांत अशा दौडी ठेवतात आणि जमलेले पैसे समाजकार्याला देतात.

मुंबईत २००४ पासून दर जानेवारीत मोठी मॅरेथॉन होते. तिथेही अनेक जण एखाद्या संस्थेसाठी निधी गोळा करत धावतात. पण तिचे शुल्क, बूट, सराव आणि पहाटेचा प्रवास आपल्या घरांना परवडत नाही. दिघा, यादवनगर, चिंचपाडा किंवा तुर्भ्याच्या इंदिरानगरातील ताई घरकामाला जाण्याआधी पाम बीच रोडवर सरावाला कशी जाणार? तीन किलोमीटरची हँडिकॅप दौड मात्र आपण आपल्याच वस्तीत घेऊ शकतो.

आम्ही हा प्रकार का सुचवतो?

विहारात आणि वस्तीत रक्तदाब तपासताना आम्हाला दिसते की चाळिशीतच साखर आणि बीपी घरात शिरलेले आहेत. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोका वाढतो, मग अंगाने माणूस सडपातळ का दिसेना. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम सांगते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास.

“आम्ही दिवसभर कामच करतो, अजून व्यायाम कशाला?” असे भगिनी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण भांडी घासताना, पॅकिंगच्या टेबलाशी उभे राहताना अंग दुखते, दम लागत नाही. हृदयाला आणि फुप्फुसांना सलग दम लागेल असे काम हवे असते.

साध्या शर्यतीत पहिला येणारा पोरगा आधीच ठरलेला असतो. पन्नाशीची बाई, जाड माणूस, बीपीच्या गोळ्या घेणारा भाऊ हे सगळे बघ्यांच्या रांगेत उभे राहतात. व्यायामाची सर्वांत जास्त गरज त्यांनाच आहे. हँडिकॅप दौडीत स्पर्धा शेजाऱ्याशी नसते, स्वतःच्या मागच्या वेळेशी असते.

हिशेब कसा करायचा?

दौडीच्या आठ-दहा दिवस आधी सगळ्यांनी तोच तीन किलोमीटरचा मार्ग आपापल्या वेगाने पार करावा. चालत, धावत, कसेही. प्रत्येकाची मिनिटे वहीत लिहावीत. सर्वांत जास्त वेळ लागलेली व्यक्ती प्रथम सुटेल. बाकीच्यांनी त्या वेळेतून आपली वेळ वजा करायची. जेवढी मिनिटे उरतील तेवढी थांबून सुटायचे.

समजा आजींना ३६ मिनिटे लागली. त्या साडेसातला सुटतील. ३० मिनिटे लागणारी ताई ७.३६ ला, २४ मिनिटांचा भाऊ ७.४२ ला आणि १५ मिनिटांत येणारा कॉलेजचा मुलगा ७.५१ ला सुटेल. सगळे आपल्या नेहमीच्या वेगाने आले तर सर्वांची पोहोचण्याची वेळ ८.०६ होते. ज्याने महिनाभर चालून स्वतःची दोन मिनिटे कमी केली, तो सर्वांच्या पुढे येतो. आजीसुद्धा पहिल्या येऊ शकतात.

कुणी चाचणीच्या दिवशी मुद्दाम रमतगमत चालेल. म्हणून नियम आधीच सांगावा : तीन मिनिटांपेक्षा जास्त सुधारणा दिसली तर त्या वेळी बक्षीस नाही, नवी वेळ पुढच्या दौडीसाठी धरली जाईल.

ही सवलत नव्हे

तरुण मुले विचारतील, “यांना आधी का सोडता? हा अन्याय नाही का?” १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी याच शर्यतीचा विचार मांडला आहे. ज्यांच्या पाठीशी घराणे, शिक्षण आणि वडिलोपार्जित पैसा आहे, त्यांनाच शर्यतीत निवडले, तर ती गुणवंतांची निवड होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही मुलांना एक फरक समजावून सांगावा. हँडिकॅप दौडीत पायांचा वेग मोजतात. आरक्षण पाय कमजोर आहेत म्हणून मिळालेले नाही. पिढ्यान् पिढ्या पायांत बेडी होती म्हणून मिळाले आहे.

धावण्याआधी तपासणी

महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

रक्तदाब : बसून, शांतपणे मोजलेला दाब १८०/११० किंवा जास्त असेल तर दौड नाही, आधी डॉक्टर. १४०/९० च्या पुढे असेल तर गोळी न चुकवता फक्त चालावे.

मधुमेह : इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी येऊ नये. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबून ती खावी.

रक्त कमी असणे : २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅम असावे. १० च्या खाली असेल तर आधी उपचार, दौड नंतर.

सिकलसेल : आपल्यातील अनेक कुटुंबे विदर्भातून आलेली आहेत. तिथे आदिवासी आणि बौद्ध समाजात हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. ज्यांना आजार आहे त्यांनी शर्यतीत उतरू नये. डॉक्टरांना विचारून हळू चालावे. जे फक्त वाहक आहेत ते सामान्य आयुष्य जगतात, पण पाणी न पिता एकदम जोर लावला तर त्यांनाही धोका होऊ शकतो. त्यांनी वेग हळूहळू वाढवावा, पाणी प्यावे आणि पायांत विलक्षण अशक्तपणा किंवा गोळे आल्यास तिथेच बसावे. साधी विद्राव्यता चाचणी सरकारी केंद्रात होते. ती सकारात्मक आली तर पुढची खात्रीची चाचणी करून घ्यावी. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. लग्न जुळवण्याआधीही ही चाचणी उपयोगी पडते.

क्षयरोगाचा उपचार सुरू असलेले, गरोदर भगिनी आणि ताप असलेले यांनी वेळ मोजण्याचे, पाणी देण्याचे काम घ्यावे. तेही दौडीत सहभागीच आहेत.

पहाटे पाचला नको

हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत बसते आणि धूर, धूळ तिच्यातच अडकून राहते. एमआयडीसी, दगडखाणी आणि हायवे यांच्यामध्ये राहणाऱ्या आपल्या वस्त्यांना हे वेगळे सांगायला नको. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. म्हणून साडेसातच्या आधी सुरुवात करू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवेचा आकडा दिसतो. तो २०० च्या वर असेल तर दौड पुढे ढकलावी. दम्याच्या रुग्णांनी आपला पंप सोबत ठेवावा.

महागडे बूट नकोत. पायाला घट्ट बसणारे, तळ न झिजलेले कॅनव्हासचे चालतील. पंजाबी ड्रेस चालेल, साडी नेसून चालणाऱ्या ताईंनाही कुणी अडवू नये. रस्ता वापरायचा असेल तर विभाग कार्यालय आणि पोलीस ठाण्याची परवानगी घ्यावी. मैदान मिळाले तर उत्तम.

छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, बोलता येणार नाही इतका दम यांपैकी काहीही झाले तर थांबावे आणि १०८ ला फोन करावा. कुणी कोसळला, हाक मारून हलत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबत राहावे. मदत येईपर्यंत थांबू नये. दौडीआधी प्रत्येक गल्लीतल्या दोघांनी तरी हे शिकून घ्यावे.

दान कसे घ्यावे?

प्रवेशशुल्क म्हणून ‘एक वही, एक पेन’ पुरेसे आहे. ही पद्धत आपल्याकडे ६ डिसेंबर आणि १४ एप्रिलला रुजलेलीच आहे. ज्यांना जमेल त्यांनी किलोमीटरमागे दहा रुपये द्यावेत. वह्या अभ्यासिकेला, पैसे साखर तपासण्याच्या पट्ट्यांसाठी किंवा एखाद्या रुग्णाच्या औषधांसाठी.

हिशेब विहाराच्या फलकावर लावावा. पण मदत घेणाऱ्याचे नाव लावू नये, त्याला मंचावर बोलावून फोटो काढू नये. धम्मात दान हे देणाऱ्याची आसक्ती कमी करण्यासाठी आहे, घेणाऱ्याची मान खाली घालण्यासाठी नाही.

७ फेब्रुवारीला रमाई जयंती आहे. तोपर्यंत थंडीही असते आणि तयारीला वेळही मिळतो. आजपासून रोज वीस मिनिटे चालायला लागा. महिन्याने घड्याळ लावा आणि आपली पहिली वेळ वहीत लिहा. त्या वहीतला जो आकडा सर्वांत मोठा असेल, त्या ताईला किंवा दादाला त्या सकाळी सर्वांच्या आधी सोडू या.

जय भीम!